गोमा पाटलाचा बांध आणि दोन युनिव्हर्सिट्या

सांगा बरं, माणसाने विश्वास नक्की कोणावर ठेवावा? मित्रावर म्हणाल, तर मित्र आपल्या बाजूनेच बोलणार. भावावर म्हणाल, तर त्याचा घरात वाटा. मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, अंबरनाथला सायकलचं दुकान चालवलं आणि शिकलो ते सगळं गिऱ्हाइकांकडून. पण या प्रश्नाचं उत्तर मला दुकानात नाही मिळालं. ते मिळालं पालेगावला, गोमा पाटलाच्या भाताच्या खाचरात, फुटबॉल बघताना!

आमच्या दुकानात जुन्या नट-बोल्टांचा एक डबा असायचा. हवा असतो एक, हाताला लागतात दहा. किश्शांचंही तसंच आहे. मला सांगायचाय शेवटचा, पण आधीचे हाताला लागल्याशिवाय तो काही वर येणार नाही.

त्याचं असं झालं. स्वातंत्र्यानंतर पुण्याला वेगळं विद्यापीठ निघालं. बदलापूरची कॉलेजात जाणारी पोरं पुण्याला हॉस्टेलात राहायची, आमची अंबरनाथची मुंबईला जायची. कालपर्यंत एकत्र चिंचा पाडणारी ही पोरं दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती "आमची युनिव्हर्सिटी, तुमची युनिव्हर्सिटी" करतच. मग ठरलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मॅच. मुंबईचा कॅप्टन आमचा वसंता, पुण्याचा बदलापूरचा मधू. पंप माझ्याकडे होता म्हणून मला बोलावलं. घड्याळही माझ्याकडे होतं म्हणून वेळ माझ्याकडे आली, आणि वही होती म्हणून गोल लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

*

मैदान मिळेना. शेवटी गोमा पाटील तयार झाला. त्याचं भात कापून झालं होतं, दोन खाचरं मोकळी होती आणि मधून बांध गेला होता. पोरं म्हणाली, उत्तम, हीच सेंटर लाइन. गोमाने एकच अट घातली.

"खेलाचा तं खेला. पन बांध मोरला तं बांधाचा कोनी?"

त्यावरून नियम झाला, हरेल त्याने बांध बांधायचा. दोन बांबूंचे गोल, वर काथ्याची दोरी, पायाखाली भाताचे टोचणारे खुंट. पहिल्या वर्षी मुंबई तीन-एकने हरली. बी.ए. करणारी, इस्त्रीचे शर्ट घालणारी पोरं गुडघाभर चिखल कालवून बांध लिंपायला बसली. लिंपलेला बांध एका बाजूने खचायचा, तो सावरेपर्यंत दुसऱ्या बाजूने. गोमा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने खऱ्या काळजीने विचारलं, "कालेजान यो नाय शिकवत?"

*

दुसऱ्या वर्षी हाफटाइमला बॉलचा ब्लॅडर फुटला. दुसरा आणायचा तर कल्याण गाठायला हवं. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून ठिगळ मारलं. हवा राहिली, पण बॉलला एका बाजूला चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. सरळ मारला की बॉल डावीकडे जायचा.

वसंता म्हणाला, पुण्याचा विंगर डावखुरा आहे, हे टेंगूळ त्यांच्या फायद्याचं. मधू सायन्सचा. तो जमिनीवर काडीने आकृती काढून उलटंच सिद्ध करायला लागला. अर्धा तास गेला. शेवटी मी बॉल काखेत घेतला आणि म्हटलं, "घरी नेतो. टेंगूळ दुकानाच्या फायद्याचं."

दोन मिनिटांत मॅच सुरू झाली. मुंबई परत हरली, परत चिखलात बसली. या खेपेला बांध जरा बरा झाला.

*

आता गोपचं सांगायला हवं. तेव्हा निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाला नुकतंच उल्हासनगर म्हणायला लागले होते. लष्कराच्या जुन्या बराकींत, गोणपाटाचे पडदे लावून, एकेका खोलीत दोन-दोन सिंधी कुटुंबं राहायची. तिथला हा गोप, विशीतला, गळ्यात ट्रे अडकवून कंगवे-बटणं विकायचा आणि दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा. विकायला पायरी चांगली म्हणून टेकतो, असं मला वाटायचं. पण त्याची नजर असायची खुंटीवरच्या फुटबॉलवर.

एकदा मी पंप काढताना बॉल खुंटीवरून सुटला. गळ्यात ट्रे तसाच ठेवून, एकही बटण न सांडता, याने तो एका हाताने झेलला. मी म्हटलं, अरे, तू कोण?

कराचीच्या कॉलेजात इंटर सायन्सला होता, कॉलेजचा गोलकीपर. निघताना घरची माणसं तेवढी निघाली, कागद राहिले. इथे जाईल त्या कॉलेजात आधी कागद मागायचे.

वसंता आणि मधू दोघांनाही तो हवा होता. पण नियम त्यांचाच, ज्याचं नाव कॉलेजात तोच खेळणार. मग दोघांनी मिळून तोड काढली, हा कुठल्याच युनिव्हर्सिटीचा नाही, तेव्हा हाच रेफरी! सगळे हसले, गोपही हसला. नंतर माझ्याकडून शिट्टी घेताना हळूच म्हणाला, "बरं आहे शेठ. शिट्टी वाजवायला कागद लागत नाही."

*

ते तिसरं वर्ष. मुंबई दोनदा हरलेली. वसंताने आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा हरलो तर पुढच्या वर्षीपासून आम्ही क्रिकेट खेळणार, फुटबॉल तुम्हीच एकमेकांत खेळा. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. मधूने बॉल मारला तो बाहेरच चालला होता. गोमाचा बैल खुंट चघळत गोलाच्या बाजूला उभा. बॉल त्याच्या कुशीवर आपटला आणि दोन बांबूंच्या मधून आत!

खाचरातला बैल मैदानातलाच, म्हणून गोपने शिट्टी वाजवली. गोल. पण बैलाला ती शिट्टी सहन झाली नाही. तो शेपटी वर करून जो सुटला, त्याने दोन्ही युनिव्हर्सिट्या एक केल्या. सहा जण भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवर, चार जण आंब्यावर, मधू आणि वसंता एकाच फांदीला लटकलेले. माझ्याशिवाय शिट्टी कोणाच्या कानातच शिरली नव्हती. गोमाने बैल आवरला, तोवर माझ्या घड्याळात वेळ संपलेली.

वरूनच वसंताने विचारलं, "दामूशेठ, वहीत काय?"

मी धंदेवाला माणूस. गिऱ्हाईक तुटतंय असं दिसलं की हात आपोआप सावध होतो. क्रिकेट आलं तर पालेगावची ही दिवाळी संपली. मी म्हटलं, एक-एक. शिट्टी नाही ऐकली मी.

मधूने बैलाकडे बघून सोडून दिलं. गोप मात्र माझ्याकडे बघत राहिला. बोलणार तरी काय? मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म आणून द्यायला त्याने वसंताला सांगितलेलं, पुण्याचा मधूला सांगितलेला. तो कोणालाच दुखवू शकत नव्हता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. बरोबरी म्हणून बांध दोघांनी मिळून बांधला, अर्ध्या वेळात झाला. गोमा एवढा खूश, की म्हणाला, "दर साली अशीच खेला."

*

मे महिन्यात मुंबईच्या एका कॉलेजातून गोपला बोलावणं आलं. वसंताने फॉर्म आणून भरून दिला होता. प्रिन्सिपॉल म्हणाले, कागद नसेल तर तू शिकत होतास हे सांगणारा माणूस आण. पण मित्र-नातेवाईक नको, ते काय, काहीही सांगतील.

झालं! वसंता आणि मधू चार दिवस कॅम्पातल्या बराकी पालथ्या घालत होते. मधू पुण्याचा असून. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला गोलात उभा करून गोल मारायचाय मला."

शेवटी पापड लाटणाऱ्या एका घरी जेठानंद सापडला. कराचीच्या दुसऱ्या कॉलेजचा कॅप्टन, गोपच्या कॉलेजचा हाडवैरी. पुढचा एक दात नाही. आम्ही सगळे त्याला घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेलो. मी वयाने मोठा म्हणून. प्रिन्सिपॉलांनी विचारलं, याला ओळखता?

जेठानंदने वरचा ओठ बोटाने उचलला. "साहेब, हा दात याने पाडला. फायनलमध्ये. बॉलला ठोसा मारायला आला आणि मला मारला. याच्याबद्दल चांगलं बोलायला मला एकही कारण नाही. पण त्या कॉलेजात इंटर सायन्सला होता, हे खरं."

प्रिन्सिपॉलांनी त्या रिकाम्या जागेकडे नीट बघितलं आणि सही केली.

जिना उतरताना गोप आभार मानायला गेला, तर जेठानंद म्हणाला, "आधी हे कबूल कर, फायनलमधला तुमचा तो गोल ऑफसाइड होता." गोपने कबूल केलं नाही. कल्याणपर्यंत दोघं भांडत आले.

*

त्या दिवाळीला गोप मुंबईच्या गोलात उभा राहिला. कॉलेजचं नाव शिवलेली जर्सी, आई-वडील बांधाशेजारी घोंगडीवर बसलेले. आईने सगळ्यांसाठी पापड आणलेले. रेफरी कोण, तर जेठानंद. लोक म्हणत होते, आज दाताचा वचपा निघणार.

शून्य-शून्य. गोपने चार बॉल असे काढले की गोमाही काठी टाकून उभा राहिला. शेवटच्या मिनिटाला मधूने जीव खाऊन मारला. खाचरातून धुरळा उठला, गोप आडवा झाला, आणि धुरळा बसला तेव्हा बॉल मागच्या उडवीत रुतलेला. बांबूच्या आतून गेला की बाहेरून? गोलाला जाळी नाही. मधूला दिसलं नाही. जेठानंद पळता पळता बांधाला अडखळून पडलेला, त्यालाही दिसलं नाही.

तो उठला, गुडघे झटकले आणि सरळ गोपसमोर जाऊन उभा राहिला. "तू सांग."

वसंता दातांतल्या दातांत म्हणाला, "गोप्या, फॉर्म कोणी आणला होता ते लक्षात ठेव."

गोपने एकदा जेठानंदच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "आत होता."

वसंताने जाऊन फावडं उचललं. मुंबईची पोरं बांधावर बसली, गोप त्यांच्यात. बांध आता त्यांना झकास जमायला लागला होता. मी वहीत पुण्याचा गोल लिहीत होतो, तेवढ्यात गोप उठून आला. कोपरापर्यंत चिखल. वही त्याने हातात घेतली नाही, नुसतं एका बोटाने मागच्या वर्षीचं पान उलटलं आणि 'एक-एक' लिहिलं होतं तिथे ते बोट टेकवलं. तो चिखलाचा ठसा अजून आहे वहीत.

"शेठ, तो बैलाचा गोलपण लिहा," तो म्हणाला. "हिशोब खरा ठेवा."