अम्मांच्या दारातली नाली

मंत्र्याच्या ऑफिसात फाइली साचतात, असा लोकांचा समज आहे. राज्यमंत्र्याच्या ऑफिसात किस्से साचतात. कारण फाइली वरच्या मजल्यावर मोठ्या मंत्रीजींकडेच थांबतात आणि आमच्याकडे माणसं नुसती चहाला येतात. माणसं आली की किस्से आलेच!

मी मूळचा अमरावतीचा, पण वडील रेल्वेत, त्यामुळे लखनौच्या आलमबागेत वाढलो. सध्या इथे शहरांच्या पालिका बघणाऱ्या राज्यमंत्र्यांचा खासगी सचिव आहे. आमचे साहेब म्हणजे देवमाणूस. राज्यभरातला कचरा, दिवे आणि नाल्या त्यांच्या खात्यात येतात. फक्त त्यांचं कुणी ऐकत नाही.

त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागली होती. त्यांच्या आई, म्हणजे अम्मा, सरकारी बंगल्यावर राहायला आल्याच नाहीत. विकास नगरच्या जुन्या घरीच राहिल्या. गल्लीच्या पलीकडे त्यांची मैत्रीण राहते, रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचं हे अम्मांचं सुख. पण दारापुढची नाली तुंबली, घाण पाणी गल्लीभर पसरलं आणि अम्मांचं जाणं बंद झालं. ती नाली साफ व्हावी, एवढीच साहेबांची इच्छा.

त्यांनी एरियाच्या इंजिनिअरला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "हो जाएगा सर." पुढच्या मीटिंगला पुन्हा विचारलं. या वेळी तो उभा राहून म्हणाला, "बिल्कुल हो जाएगा सर." साहेब मला म्हणाले, प्रगती आहे.

*

मलिहाबादकडच्या एका नगर पंचायतीत रस्त्याचं भूमिपूजन होतं. कोनशिलेवर नावं लिहायची रीत ठरलेली: मोठी माणसं वर, आमचे साहेब सगळ्यात खाली. वर्षभराने तिकडून जाताना साहेबांनी हौसेने गाडी थांबवली. रस्ता दोनदा करून झाला होता. दर थराला उंची वाढली आणि शेवटची ओळ डांबराखाली गेली.

मला वाटलं, चिडतील. ते वाकून बघत म्हणाले, "चलो, सड़क तो बनी."

*

दशहरी आंब्याचे दिवस. एक बागवाले अर्ज आणि आंब्यांची पेटी घेऊन आले. चहा झाला, गप्पा झाल्या, साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बागवाल्यांनी हळूच मला विचारलं, मोठे मंत्रीजी हेच ना? मी म्हटलं, नाही, ते वरच्या मजल्यावर.

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि पेटी उचलून जिन्याकडे निघाले. दारातून वळून पेटीतले दोन आंबे काढून दिले. चहाचे असावेत. आम्ही ते तिथेच चिरून खाल्ले, आणि खरं सांगतो, असा आंबा मी पुन्हा खाल्ला नाही.

*

एका गावात सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटन होतं. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, भाषण झालं. प्रवास लांबचा, त्यामुळे भाषणानंतर साहेबांना त्या वास्तूची खरीच गरज पडली. बघतो तर कुलूप! कंत्राटदार हात जोडून म्हणाला, "सर, आज तो ट्रायल था. असली उद्घाटन बड़े मंत्रीजी करेंगे."

साहेब शेजारच्या घरी जाऊन आले. त्या घरच्यांनी त्यांना जेवायलाच बसवलं.

*

हे सगळं मी घरी सांगतो तेव्हा बायको पोट धरून हसते. पण अम्मांची नाली महिनोन्महिने तशीच आहे म्हटल्यावर तिला हसू आलं नाही. "तुमच्या साहेबांपेक्षा आपला सब्जीवाला भैया बरा," ती म्हणाली. "टोमॅटो सांगितले की निदान टोमॅटो तरी आणतो." माझा मात्र साहेबांसाठी जीव तुटायचा.

*

रविवारी सकाळी साहेब अम्मांकडे असतात. लुंगी-बनियनवर दारात खुर्ची टाकून बसतात. मी जवळच राहतो, म्हणून एका रविवारी गेलो होतो. गनर, म्हणजे त्यांचा बंदूकधारी अंगरक्षक, जलेबी आणायला गेलेला. तेवढ्यात एक गाडी आली, त्यातून माणसं फावडी घेऊन उतरली आणि नाली उपसायला लागली.

साहेबांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. "देखा?" ते मला म्हणाले. "देर से सही, सुनते हैं."

बघता बघता नाली वाहती झाली, गल्ली धुऊन निघाली. अम्मा बाहेर आल्या, गल्ली नीट निरखली आणि चपला शोधू लागल्या. शोधता शोधता म्हणाल्या की तक्रारीच्या नंबरावर परवा त्यांनीच फोन केला होता.

साहेबांनी विचारलं, "मेरा नाम बताया था?"

"तुम्हारा नाम तो महीनों से चल रहा था," अम्मा म्हणाल्या. "इस बार हमने अपना बताया."

आणि त्या निघाल्या. तक्रार बंद करायची तर साफ झालेल्या जागेचा फोटो वर पाठवावा लागतो. सुपरवायझर मोबाइल धरून कधीचा खोळंबला होता. शेवटी तो अदबीने साहेबांना म्हणाला, "अंकल, ज़रा साइड हो जाइए. काम की फोटो लेनी है."

साहेबांनी स्वतःच खुर्ची उचलली आणि बाजूला झाले. तोवर अम्मा पलीकडच्या दारात पोचल्यासुद्धा होत्या.