पोकॉकबाईंची खिडकी

लंडनला फ्लीट स्ट्रीटवर आमच्या शेजारी पोकॉकबाईंची माडीवरची खोली होती. राणीची मिरवणूक असली की त्या खोलीच्या खिडकीतल्या जागा बघ्यांना भाड्यानं देत. पण स्वतःचा नवरा गेल्यापासून राणी दहा वर्षं बाहेरच पडेना, मग मिरवणुका कुठल्या? "मीही विधवाच! सोमवारी नवऱ्याला पुरलं, बुधवारी धंद्याला लागले. ही बसलीय कोपरा धरून!" बाई फणकारायच्या. शेवटी त्यांनी ती खोली दर मंगळवारी ‘राणीच नको’ म्हणणाऱ्या मंडळींना सभेसाठी भाड्यानं दिली. चांभार ईनॉक टेबलावर मूठ आपटून विचारायचा, "न दिसणाऱ्या राणीला पोसायचं कशाला?" खोली खच्चून भरायची.

मग युवराज जिवावरच्या दुखण्यातून उठला, आणि देवाचे आभार मानायला राणी उघड्या गाडीतून आमच्या रस्त्यानं चर्चला निघाली. सकाळी सहालाच ईनॉक बाईंच्या खिडकीतल्या पुढच्या खुर्चीवर हजर!

"तुम्हाला राणी नको होती ना हो?" बाईंनी विचारलं.

"नकोच आहे. पण बघून तर घेतो!"

काळ्या कपड्यांतली ती ठेंगणी बाई खिडकीखालून गेली, तेव्हा ईनॉकनं टोपी इतकी हलवली की ती हातातून सुटून रस्त्यावर पडली.

पुढच्या मंगळवारी सभेला कुणीच फिरकलं नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बाई म्हणाल्या, "मेली एकदाच बाहेर पडली, आणि माझी बारमाही गिऱ्हाइकं घेऊन गेली!"