अवसेचा अर्थ

शाळा सुटली की कामशेतहून वडिवळ्याला मी रोज एका रिक्षावाल्या काकांच्या शेअर रिक्षाने घरी येते. त्यांना शब्दांची भारी चौकशी. चालवता चालवता आरशातून बघत विचारतात, "मॅडम, आयतवारला आयतवार का म्हणत्यात वो?" आदित्य म्हणजे सूर्य, त्याचा वार, असं सांगितलं की बराच वेळ तो शब्द ओठांत घोळवत राहतात.

एकदा त्यांनी अमावास्येचा अर्थ विचारला. "अमा म्हणजे सोबत, वास म्हणजे राहणं. त्या दिवशी चंद्र-सूर्य एकत्र राहतात," मी म्हणाले. 

परवा रिक्षा दवाखान्यापुढे थांबली. तिथे एक बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती. तिची सासू रिक्षात चढेना.

"आज आवस हाय. पोरीला आज घरी न्यायची न्हाई. बहिणीकडं ठेवते."

सून रडकुंडीला आली होती. काका खाली उतरले.

"मावशी, आवस म्हंजी चांद सूर्याच्या घरी ऱ्हायला जातो तो दिस. मॅडमनीच सांगितलंय. मंग लेकीनं घरी जायाला याच्यापरीस चांगला दिस कुटला?"

'घरी' मी म्हटलं नव्हतं. ते त्यांचं होतं. सासूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तशी ती रिक्षात चढली.

वडिवळ्यात घरापुढे उतरल्यावर सासूने आतून भाकरतुकडा आणून नातीवरून ओवाळला. उशीर होतोय म्हणून मागे बसलेले प्रवासी कुरकुरू लागले. काकांनी इंजिन बंद केलं आणि सून उंबरा ओलांडेपर्यंत तिकडेच बघत राहिले.