मामाचा पहिला दहावा

माझ्या मामाचा दहावा दोनदा झाला. पहिला झाला तेव्हा मामा पंचगंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर चहा पीत बसला होता. कुणी विषय काढला की शूटिंगची गंमत म्हणून मी त्यातलं निम्मं सांगायचो आणि उरलेलं निम्मं गिळायचो. ते निम्मंच आता सांगायचं आहे.

शिवाजी पेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उकलायच्या, नवी तार भरायची, हा धंदा. चाळिशी उलटल्यावर मी पिक्चर काढायचं डोक्यात घेतलं. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथं प्रत्येक गल्लीत एकानं पिक्चर काढलेला असतो, एकानं काढायला घेतलेला असतो आणि बाकीच्यांनी त्या दोन्हींत इन्स्पेक्टरचं काम केलेलं असतं.

माझी गोष्ट साधी होती. इचलकरंजीतला एक यंत्रमागवाला मरतो आणि शेडच्या वाटणीवरून त्याची दोन पोरं भांडतात. मरणारा बाप म्हणजे मामा. दूध संघातून निवृत्त झालेला, तरुणपणी तालमीच्या गणपतीपुढच्या नाटकांत कामं केलेला माणूस. पिक्चरमध्ये त्याला बहुतेक वेळ हार घातलेल्या फोटोतच राहायचं होतं. फक्त एका जुन्या आठवणीत तो जिवंत दिसणार होता. मागाजवळ उभं राहून धाकट्या पोराला म्हणणार होता, “दोरा तुटला म्हणून मागाला शिव्या देऊ नगंस. थांबव. गाठ मार आन चालू कर.”

एवढ्यासाठी मामानं काही महिने तालीम केली. स्कूटर सुरू झाली नाही की तो हेच म्हणायचा. मामीच्या कुकरची शिट्टी अडकली की हेच. पेठेत ते इतकं पसरलं की फुटबॉलच्या मॅचला आपल्या पोरानं गोल घालवला तर गॅलरीतून कुणीतरी ओरडायचं, “गाठ मार आन चालू कर.”

शूटिंगसाठी घर मामाचंच घेतलं होतं. त्याच्या फोटोला हार घालून तो भिंतीवर टांगला तेव्हा मामी बाहेर आली.

“जित्या माणसाला हार घालतोस व्हय रं?”

“मामी, पिक्चर आहे.”

“फोटोला कुठं ठाऊक हाय पिक्चर हाय ते? शूटिंग संपलं की हार काढायचा. आन ह्यांनी त्याच्यापुढं हुबं ऱ्हाऊन च्या प्यायचा. म्हंजे कळंल त्याला, मानूस हाय म्हणून.”

मामा रोज संध्याकाळी स्वतःच्या फोटोसमोर उभा राहून चहा प्यायचा. मध्येच बशी वर करून फोटोला दाखवायचा.

राहिला होता कावळ्याचा सीन. बापाचा दहावा, पिंड मांडलेला आणि कावळा शिवत नाही, असं मला हवं होतं. मग शेवटी तो शिवायलाही हवा होता. गुरुजींच्या कामाला नट परवडेना म्हणून खरेच गुरुजी आणले. ते म्हणाले, “मला खोटं काही करता येत नाही. करायचा तर विधी पुरा करू.” त्यांनी मृताचं नाव विचारलं. मी कथेतल्या बापाचं नाव सांगितलं.

कावळा शिवत नाही हा भाग लगेच मिळाला. मिळतच राहिला. शेजारी एका कुटुंबाचा खराखुरा दहावा चालला होता. त्यांच्या पिंडावर कावळे तुटून पडले, आणि आमच्याकडं एकानं मानसुद्धा वळवली नाही. कॅमेरामन लग्नाची शूटिंगं करणारा. त्याला दुपारी सांगलीत मुहूर्त गाठायचा होता. तो सारखा घड्याळाकडं बघत होता.

गुरुजी म्हणाले, “असा माणूसच नाही, तर कावळा येणार कुणासाठी? खऱ्या माणसाचं नाव घ्यायला पाहिजे.”

मी वर पाहिलं. मामा चहावाल्याला वाक्य म्हणून दाखवत होता. त्याला विचारायला वर जाता आलं असतं. मी गेलो नाही. खाली वाकून गुरुजींच्या कानात मामाचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं मंत्रात घेतलं. जिवंत माणसाचं, माझ्या आईच्या सख्ख्या भावाचं.

तरी कावळा आला नाही.

शेजारच्या दहाव्यातले एक गृहस्थ उठून आमच्याकडं आले. म्हणाले, “पावणं, तुमच्या माणसाचं काय तर अडकलंय बघा. वचन द्या की कुणीतरी.”

त्यांना कॅमेरा दिसत होता. पण माणूस अडकलाय म्हटल्यावर कॅमेऱ्याचं काय. थोरल्या मुलाचं काम करणारा नट पुढं झाला, हात जोडले आणि गहिवरून म्हणाला, “बाबा, शेडची वाटणी आम्ही न भांडता करतो.”

मी कट म्हणून ओरडलो. तो न भांडता वाटणी करणार असेल तर माझा पुढचा सगळा पिक्चर संपला होता. मग कॅमेरामन कॅमेऱ्यामागूनच म्हणाला, “मामा, तुमच्या नातवाच्या लग्नाचं शूटिंग निम्म्या पैशात करतो. पण आता येवा.” गुरुजींनीही डोळे मिटले. शेजारच्या बायका आमच्या मामासाठी हळहळू लागल्या.

शेवटी मी पुढं झालो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. हळूच म्हणालो, “मामा, तुला मोठ्या पडद्यावर दाखवतो. आपल्याच गावातल्या टॉकीजला. बोलताना दाखवतो.”

कावळा उतरला. चोच मारली, भात उडवला, निवांत खाल्ला. शेजारच्या लोकांनी सुस्कारा सोडला. वरच्या पायरीवरून मामानं टाळ्या वाजवल्या.

एडिटिंग झाल्यावर मी पिक्चर पुण्यातल्या एका जाणकार माणसाला दाखवला. तो म्हणाला, “बाप काढून टाका. तो दिसला नाही तर जास्त दिसेल.” याचा अर्थ मला कळला नव्हता. पण तो असं बोलला की कळला नाही म्हणायची लाज वाटली. फेस्टिवलवाल्यांना असंच लागतं, असंही तो म्हणाला. मी मागाजवळचा सीन काढून टाकला. मामा वाईट करत नव्हता. फार चांगला करत होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

फेस्टिवलकडून काही आलं नाही. मामा दुकानात आला तेव्हा मी मोटारीत डोकं घालून म्हणालो, “मामा, तुझ्या सीनचा आवाज खराब आलाय. शेजारच्या शेडचे माग चालू होते.”

“मग परत बोलतो की. पाठ हाय माझं.”

“तसं जमत नाही.”

“बरं,” मामा म्हणाला. “मशीनचं तुला कळतंय.”

पुढं सेन्सॉरची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटाचा फोन आला. कावळा पाळीव आहे का जंगली? मी म्हणालो, घाटावरचा आहे. मग त्याला ट्रेनिंग कुणी दिलं? कुणी नाही. मग तो वेळेवर आला कसा? यावर सांगण्यासारखं माझ्याकडं एकच उत्तर होतं आणि ते मी देऊ शकत नव्हतो. कित्येक महिने आमचा पिक्चर कावळ्यापाशी अडून राहिला. अखेर तो आपला आपण आला आणि त्याला इजा झाली नाही, एवढं लिहून दिल्यावर सुटला.

टॉकीजचा मॅनेजर सकाळचा खेळ द्यायला तयार झाला, पण माणसं तुम्ही आणा म्हणाला. माणसं मामानं आणली. तालमीतली सगळी मंडळी, दूध संघातले निवृत्त, चहावाला. मामा नवा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला.

पडद्यावर पहिल्यांदा हारातला फोटो आला तशा शिट्ट्या वाजल्या. मग मागून कुणीतरी सुरुवात केली, आणि सगळं टॉकीज एका आवाजात म्हणालं, “दोरा तुटला म्हणून मागाला शिव्या देऊ नगंस. थांबव. गाठ मार आन चालू कर.” दुसऱ्यांदा फोटो आला, परत तेच. दोघं भाऊ रडत होते त्या शांत सीनमध्ये मागं भिंतीवर फोटो होता, तिथंही तेच. जाणकार माणसाचं म्हणणं खरं ठरलं. बाप फार दिसत होता.

मामा पडद्यावरून नजर न हलवता बसून होता. संपल्यावर एवढंच म्हणाला, “कावळ्यानं काम चांगलं केलंय.” बाहेर लोकांनी त्याला घेरलं, तुमचं बोलणं कुठं गेलं म्हणून. मामा प्रत्येकाला समजावत होता, “बोललोय की मी. पर शेजारचं माग चालू हुतं. त्याला पोरगं काय करणार?” मी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.

गेल्या हिवाळ्यात मामा गेला. घाट तोच, गुरुजी तेच. त्यांनी मृताचं नाव विचारलं आणि मामाच्या पोराच्या आधी मीच सांगून टाकलं, गोत्रासकट. गुरुजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मंत्र सुरू केले.

मी ठरवून आलो होतो. कावळा थांबणार, सगळ्यांची वचनं देऊन होणार आणि मग मी सगळ्यांदेखत खरं काय ते सांगणार. सीन परत घालतो म्हणणार. पिंड ठेवून गुरुजी मागं सरकतात न सरकतात तोच कावळा शिवला. बायका म्हणाल्या, कसलीच इच्छा राहिली नव्हती बघा. मी जोडलेले हात तसेच धरून उभा होतो.

घरी भिंतीवर तोच फोटो होता, तीच फ्रेम. मामीनं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. माणसं पांगल्यावर मी तिला सगळं सांगितलं. घाटावर घेतलेलं नाव, कावळ्यापुढं दिलेलं वचन, काढलेला सीन.

तिनं फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, “मग तो पयला पिंड कुणाला पोचला म्हणायचा?”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला.

“दाव ते,” ती म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला. मामा मागाजवळ उभा होता. चिंधीला हात पुसत त्यानं पोराकडं बघितलं आणि बोलला. शेजारच्या शेडला त्या दिवशी सुट्टी होती. कुठं काही वाजत नव्हतं. मामीनं परत लावायला सांगितलं. कान जवळ नेऊन ऐकलं.

“आवाज तर चांगला हाय की,” ती म्हणाली.

“व्हय,” मी म्हणालो.