हवेवर चालवायची बस

“फोरमन, सगळ्या गाड्यांना ह्या आजच बसवा,” असं म्हणत रतनशेठनी पितळी तोट्यांची पेटी माझ्यासमोर आदळली. नाव होतं ‘पेट्रोल सेव्हर’. मुंबईचा एक सूटवाला एजंट ती त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. शेठच्या बस नाशिकहून हरसूलला जायच्या. त्यांचं वर्कशॉप मी सांभाळायचो.

तोटी म्हणजे इंजिनात जादा हवा घुसवायचं भोक, दुसरं काही नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण पंधरापट हवा लागते. ते प्रमाण कार्बुरेटर राखतो. हवा फार वाढली की पेट्रोल-हवेचं मिक्श्चर रेंगाळत जळतं. पुढचं मिक्श्चर आत घ्यायला व्हॉल्व्ह उघडतो, तरी आतली आग विझलेली नसते. मग ती उलटी कार्बुरेटरमध्ये येते.

“चढावर गाडी पेट घेईल,” मी म्हणालो.

“एजंटकडे विलायतेचं सर्टिफिकेट आहे. तुम्ही त्याच्याहून शहाणे?”

मी हात लावला नाही. शेठनी बाहेरचा फिटर आणून तोट्या बसवून घेतल्या.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी गच्च भरलेली बस घाट चढताना फटफटू लागली आणि बॉनेट पेटलं. ड्रायव्हर कादरभाईंनी पेट्रोलचा कॉक बंद केला, माणसं उतरवली. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी सोडेना. तिला पाटीसकट बाहेर ओढलं. मग माती टाकून आग विझवताना त्यांचे दोन्ही हात भाजले.

निरोप मिळताच शेठ आणि मी त्यांच्या मोटारीने तिथे पोचलो. कादरभाईंच्या हातांना कुणीतरी ओलं फडकं गुंडाळलं होतं. शेठनी आधी बॉनेट पाहिलं.

“कादरने गिअर चुकवला. काढून टाका याला.”

“शेठ, गाडी पहिल्यातच होती,” कादरभाई म्हणाले. “तोटी लावल्यापासून खोकतेय.”

माझं डोकं फिरलं. “शेठ, बसची तोटी शाबूत आहे. इथेच तुमच्या मोटारीला बसवतो. हाच घाट चढून दाखवा.”

“भलतंच काय! माझ्या मोटारीत बायकामुलं बसतात!”

रस्त्याकडेला बसलेली म्हातारी उठली. “आन् आमी काय गोण्या हाय का रं?”

शेठ मोटारीत जाऊन बसले. संध्याकाळी सगळ्या तोट्या निघाल्या. कादरभाईंना काढायची भाषा पुन्हा झाली नाही. माफी मात्र शेठनी कुणाचीच मागितली नाही.

पुढे बचतीची यंत्रं विकणारे पुष्कळ आले. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, तुमच्या स्वतःच्या गाडीला बसवलंय का? बहुतेक जण टांग्याने आलेले असत.