‘बैठक सोडून गेले’

आमच्या कंपनीतून साहेबाला काढलं तेव्हा मी खोलीत नव्हतो, असं रोह्यात अजून सांगतात. खरं आहे, नव्हतो. पण मी मुद्दाम सटकलो असंही सांगतात, आणि ते कानावर आलं की या वयातही माझं डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसलोय. चौथीपर्यंत शाळा झाली, अक्षर वाकडंतिकडं आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं असं मी म्हणणार नाही. नीट वाचावं.

साहेब पेण शहरातला, इंजिनियर. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, तरी मी त्याला साहेब म्हणायचो आणि तो मला मामा. मीही पेण तालुक्यातलाच, पण खाडीकडच्या गावातला. तरुणपणी रोह्याला आलो आणि जळालेल्या मोटारींतली तार काढून नवी भरायचं काम शिकलो. कारखान्यांच्या मोठमोठ्या मोटारी माझ्या शेडमध्ये यायच्या. साहेब आला तो कागदावर चित्र घेऊन.

"मामा, असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळता येईल?"

"चित्र ठेवा खिशात. यानं काय करायचंय ते सांगा."

करायचं होतं ते असं, की वीज गेली तरी कंप्युटर बंद पडू नये. त्याला यूपीएस म्हणतात. नव्वद साल उलटलं होतं, बँकांत आणि हापिसांत कंप्युटर यायला लागले होते, आणि वीज तर आमच्याकडे पाहुण्यासारखी येऊन जायची. पहिल्या वीस पेट्या माझ्या शेडमध्ये झाल्या. साहेब आखायचा, मी गुंडाळायचो. वार्निशच्या वासाने त्याचं डोकं चढायचं तरी माझ्या बाजूला बसून राहायचा.

मग कंपनी नोंदवायची वेळ आली. दोन डायरेक्टर लागतात म्हणाले. सगळे लोक बायकोचं नाव घालतात. त्याने माझं घातलं. "नुसतं सहीपुरतं नाय हां मामा," तो म्हणाला, "बैठकीला बसायचं, बोलायचं." माझ्या सात पिढ्यांत कुणाला खुर्ची देऊन बोल म्हटलं नव्हतं. हे मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं सगळं जास्त झोंबतं.

कंपनी वाढली. औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला. खाली बारा बाया तार गुंडाळायच्या, सगळ्या मी शिकवलेल्या. वाढायला भांडवल लागतं म्हणून साहेबाने मुंबईच्या एकाला भागीदार केलं, आणि तो एकटा आला नाही, सोबत त्याचा सीए आला. दोघेही डायरेक्टर झाले. आता आम्ही चौघे. वरच्या मजल्यावर जिथे आम्ही रिकामे खोके टाकायचो तिथे काचेचं टेबल आलं, फिरत्या खुर्च्या आल्या, आणि त्या खोलीला बोर्डरूम म्हणायला लागले.

पहिल्याच बैठकीत मुंबईवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "डायरेक्टरसाहेब, जरा चहा सांगता का खाली?"

मी म्हटलं, "घंटीचं बटन तुमच्या बाजूला हाय. बोट लांब नसंल तर मी दाबतो."

साहेब खाली बघून हसला. मुंबईवाला हसला नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा नाही, माझ्याविषयी बोलायचा. माझ्या देखत.

भांडणाचं मूळ सांगतो. मुंबईवाल्याचं म्हणणं, तैवानहून तयार पेट्या आणायच्या, वर आपला बिल्ला चिकटवायचा आणि विकायच्या. साहेबाचं म्हणणं, मग मी इंजिनियर कशाला झालो? बिल्ले चिकटवायला? दोन वर्षं हे चाललं. आधी हळू आवाजात, मग दार लावून, मग दार न लावता. शेवटी टपालाने इंग्रजीत नोटीस आली. साहेबाने मला जिन्यात गाठून तिचा अर्थ सांगितला. येत्या बैठकीत ठराव आहे, साहेबाला मॅनेजिंग डायरेक्टरच्या जागेवरून काढायचा.

"त्याची कंपनी हाय काय?" मी म्हटलं.

"मामा, हळू. ते दोघे, आपण दोघे. दोनास दोन झालं की ठराव पडतो. तुम्ही फक्त त्यांच्या बाजूने हात वर करू नका."

"माझा हात तुटला तरी वर होनार नाय," मी म्हटलं.

आता आमच्या गावची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढे मी जे केलं ते येडेपणा वाटेल. आमची शेतं खाडीला लागून. बांध फुटला की खारं पाणी आत, म्हणून बांधाचं काम गावकीने ठरवायचं, घरटी एक माणूस बैठकीला. आणि त्या बैठकीत हात वर करणं वगैरे काही नसतं. ज्याला एखादी गोष्ट अजिबात मान्य नाही तो उठतो, खांद्यावरचा टॉवेल झटकतो आणि चालायला लागतो. की संपलं. बैठक मोडली. एक घर उठून गेलं तर पुढे कुणी शब्द काढत नाही. मग दोन म्हातारे त्याच्या दारात जातात, त्याला समजावतात, वेळेला चार शिव्या खातात, आणि परत आणून बसवतात. तोवर कामाला हात लागत नाही. माझा बा असा एकदा उठला होता तेव्हा तीन दिवस गाव थांबलं होतं. उठणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठं नाही म्हणणं. बसून नाही म्हणणारा उद्या हो म्हणू शकतो. उठलेला म्हणत नाही.

बैठकीच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो. सीएने इंग्रजीत काहीतरी वाचलं. मग मुंबईवाला बोलायला लागला, आणि मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत. म्हणाला, साहेब काळाच्या मागे आहे. म्हणाला, जग कुठे चाललंय आणि हे तार गुंडाळत बसलेत. साहेब शांतपणे म्हणाला, "आपल्या पेट्या परत येत नाहीत, ते बघा." तर मुंबईवाला काय म्हणाला?

"परत येत नाहीत, कारण त्या कुणी घेतच नाही. तुम्ही कंपनी नाही चालवत, या मामांचं शेड चालवता. तार गुंडाळायला कोणी पैसे लावत नाही."

साहेबाचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने नुसती समोरची फाइल मिटली. सीए म्हणाला, "तर मग ठराव मताला टाकू?"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. याच्या समोर बसायचं? याने विचारायचं आणि आपण शाळेतल्या पोरांसारखं बसून राहायचं? मी उठलो. खुर्ची मागे भिंतीला आपटली. टॉवेल नव्हता, खिशातला रुमाल काढला आणि झटकला.

"ही बैठक मोडली!" मी म्हटलं आणि दार आपटून जिना उतरलो.

खाली येऊन बायांच्यात माझ्या स्टुलावर बसलो. एक बाई म्हणाली, "काय झाला वो मामा?"

"मोडून आलोय," मी म्हटलं. "बगू आता कसं काडतात ते."

आणि वाट बघत बसलो. आता साहेब येईल, म्हणेल मामा चला वर. नाहीतर सीए येईल. मी कुणाला काय बोलायचं ते मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. लगेच जायचं नाही, दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कपबशा वर गेल्या आणि रिकाम्या खाली आल्या. कुणी आलं नाही.

मग साहेब उतरला. हातात त्याची बॅग होती. मी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बायांच्या मधून, माझ्यापासून दोन हातांवरून, सरळ बाहेर गेला. स्कूटर चालू केल्याचं मी ऐकलं.

मागून सीए आला. गोड माणूस. गोड बोलणाऱ्याला मारता येत नाही, हा त्याचा फायदा. म्हणाला, "मामा, तुमचे आभारच मानले पाहिजेत. तुम्ही बसला असतात तर दोनास दोन झालं असतं. तुम्ही गेलात, दोनास एक झालं. ठराव मंजूर."

"बैठक मोडली होती."

"तीन जण होते. तेवढे पुरतात. वहीत तुमच्या नावासमोर नोंद केली, ‘बैठक सोडून गेले’."

मी हातातला तारेचा गुंडा फेकला. त्याला लागला नाही. लागायला पाहिजे होता.

घरी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "अवो, तितं तुमाला बोलवाला कोन येनार व्हता? तितं काय गावकी हाय?"

"गप बस गो."

"मी गप बसतं. तुमी बसले असते तं बरा झाला असता."

त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून पेणला गेलो. साहेबाच्या घरी त्याचा एक वकील मित्र बसला होता. साहेबाने मला बस म्हटलं नाही. म्हणाला, "कशाला आलात? त्यांनी पाठवलं?"

"मला कोन पाठवनार?"

"मामा, खरं सांगा. माझ्या विरोधात हात वर करायची लाज वाटली म्हणून उठून गेलात ना? त्यांनी काय कबूल केलंय तुम्हाला?"

सहा वर्षं माझ्या घरची भाकरी खाल्लेला माणूस. माझ्या शेडमध्ये लेंगा घालून झोपलेला माणूस. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मुंबईवाल्यावरचा राग मला लहान वाटायला लागला. मी उभ्यानेच त्याला सगळं सांगितलं, गावकीचं, माझ्या बाचं, तीन दिवस गाव थांबल्याचं. सांगताना आवाज चढला. आतून त्याची बायको दारात आली.

"तुमी पेनचे ना?" मी म्हटलं. "तुमाला येवडं ठाऊक नाय?"

"मी पेणचा आहे, मामा. खाडीकडचा नाही."

पण त्याचा चेहरा उतरला. मला आत ओढून खुर्चीवर बसवलं. तोवर वकिलाने कागद घेतला होता. म्हणाला, यातून मार्ग निघतो. मामांनी लिहून द्यावं, आपण बैठक रद्द करायला अर्ज करू, निदान ठरावाला स्थगिती तरी मागू. भराभरा मराठीत लिहून त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. वाचता येतं मला. मी बोट ठेवून वाचलं. 'मी अशिक्षित असून बैठकीत काय चालले आहे याचे मला आकलन नव्हते.'

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"कायद्याची भाषा असते मामा," वकील म्हणाला.

"मला सगलं कलत होतं. मी इरोध केला. तसं लिवा."

"तसं लिहिलं तर काही उपयोग नाही. विरोध करायचा तर हात खाली ठेवून बसायचं होतं. समजलं नाही असं म्हणाल तरच काही उभं राहील."

साहेब म्हणाला, "मामा, कंपनी जाईल माझी. खालच्या बायांचं काम जाईल. एक सही."

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. ज्याने मला खुर्ची दिली, बोल म्हटलं, तोच म्हणत होता की तुला काही कळत नाही असं लिहून दे. आणि वर मी दोन दिवसांपूर्वी जिन्यात काय बोललो होतो, हात तुटेल, तेही मला आठवत होतं. बायांची तोंडं डोळ्यांसमोर आली. आली नाहीत असं नाही. पण पेन उचललं नाही. लोक म्हणतात अहंकार. असेल. मी आयुष्यभर सगळीकडे सही केली, अंगठा कधी लावला नाही, आणि तो कागद म्हणजे अंगठाच होता.

"नाय," मी म्हटलं.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "बरं. या मग." चहा आला होता तो तसाच ठेवून मी उठलो.

पुढे तैवानच्या पेट्या आल्या. दोन महिन्यांत बायांना घरी पाठवलं. त्यांतल्या काही पेणकडे जोह्याला आणि हमरापूरला गणपती रंगवायच्या कामाला लागल्या, काही शेतावर गेल्या. वाटेत भेटल्या की बोलायच्या, पण पहिल्यासारख्या नाही. त्यांचंही बरोबर.

मी मात्र राजीनामा दिला नाही. मागितला, दिला नाही. पुढच्या बैठकीला जाऊन बसलो. साहेब त्या खोलीत परत कधी आला नाही. सीएने मागच्या बैठकीची इंग्रजीतली वही वाचली, आणि मुंबईवाल्याने सही करायला पुढे ओढली. मी म्हटलं, "थांबा. माझ्या नावासमोर काय लिवलंय?"

"बैठक सोडून गेले."

"इकडं आना ती वही."

त्याने दिली नाही. मी टेबलावरून हात लांब करून घेतली, आणि ते पान उघडून खाली, माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: 'उठलो तो विरोध होता. साहेबाला काढायला मी नाही म्हटले आहे.' आणि सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

मुंबईवाला ओरडला, "वही खराब केली! हे मराठीतलं चालणार नाही. पान फाडा."

सीए चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "फाडता येत नाही. पानांना नंबर आहेत."

त्यानंतर वर्षभराने मला रीतसर काढलं. काढोत. ती वही कुठल्या तरी कपाटात असेल, आणि साहेबाला ती बघायला मिळाली नाही. मीही त्याला सांगायला गेलो नाही. काय लिहिलंय ते त्याने येऊन विचारायला हवं होतं. पेणहून रोह्याला दिवसाला किती एसट्या होत्या!