आईच्या कपाळावरचं गोंदण

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिचा मोठा फोटो हवा होता. एकटीचा फोटो तिनं कधी काढूच दिला नव्हता. जवळा बाजार गावातल्या एका लग्नात मागच्या रांगेत उभी असलेली आई, एवढीच आमच्याकडे उरली होती. तीही बहिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. बहिणीचा तो जुना फोन केव्हाच मोडीत गेला होता, म्हणजे मूळ फोटोही गेला.

हिंगोलीच्या स्टुडिओवाल्यानं घोळक्यातून आईला कापून वेगळी केली. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, हे मी वाचून गेलो होतो.

"यात आहेत का तेवढे?"

त्यानं एका चौकटीत तीनशे टाइप केलं. "घ्या सर, झाले."

"पण आले कुठून?"

"कम्प्युटर भरतो ना बराबर, अंदाजानं. तुमी मास्तर हाव का? पेपर तपासल्यावानी पाहून राहिले."

मी हसलो नाही. पडद्यावर कुणीतरी उजळ, गुळगुळीत बाई होती. पापणीचा केस न् केस दिसत होता. आईच्या पापण्या मी इतक्या नीट कधी पाहिल्या नव्हत्या. मग या कुणाच्या? कपाळाकडे पाहिलं, तर गोंदण नाही.

"डाग होता, काढला," तो म्हणाला. माझा चेहरा पाहून त्यानं घाईनं हिरवा, गोल ठिपका काढून दिला, टिकलीसारखा. आईचं गोंदण तिरपं होतं. लहानपणी गोंदताना तिनं रडून मान झटकली होती.

"अंदाज न करता केवढा निघेल?"

त्यानं हिशेब केला आणि तळहात पुढे केला. "एवढाच. हॉलमध्ये कोनाला दिसन सर?"

"तेवढाच द्या. हात लावू नका."

तरी छापून होईपर्यंत मी पडद्यावरून नजर काढली नाही.

कार्यक्रमात पांढऱ्या कापडावर, मेणबत्त्यांच्या मधे तो फोटो ठेवला. डोंगरकडा गावाहून आलेली बहीण दारातूनच म्हणाली, "एवढीशी काहून केली रे आई? पैशे न्हवते का?"

"जवळ ये. आईच आहे ना, नीट बघ."

ती चष्मा सावरत वाकली. मग फोटोच्या काचेवर, आईच्या कपाळापाशी बोट टेकवलं.

"तिरपं हाय," ती म्हणाली. "व्हय, आईच हाय."